श्वास पाहा, पण जात पाहू नका! : समुद्रकाठच्या शांतीची उलटतपासणी



मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघे कार्यकर्ते गोव्याच्या किनाऱ्यावर पाच दिवसांच्या ध्यान-योग शिबिराला जाऊन आलो. हे वाचून काही जण हसतील, काही जण चिडतील. "चळवळ सोडून समुद्रावर हवा खायला गेले" असे म्हणणारे म्हणोत. आम्ही का गेलो, तिथे काय पाहिले आणि चौथ्या दिवशी आमच्यापैकी दोघे बॅगा भरून का निघालो, हे सगळे आम्ही उघडपणे मांडणार आहोत. हा प्रश्न आमच्या तिघांपुरता नाही. आज आमचा शिकलेला तरुण नोकरीच्या ताणाने, कार्यकर्ता चळवळीच्या थकव्याने आणि विद्यार्थी वसतिगृहातल्या एकटेपणाने पोखरला जात आहे. त्याला कोणीतरी सांगते, "डोळे मिट, श्वास पाहा, सगळे ठीक होईल." या सांगण्यात खरे किती आणि फसवे किती, हे आंबेडकरी माणसाने तपासायलाच हवे.

आम्ही का गेलो?

खोटे बोलणार नाही. आम्ही थकलो होतो म्हणून गेलो.

आमच्या तालुक्यात स्मशानभूमीच्या रस्त्यावरून आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाला मारहाण झाली. गुन्हा नोंदवून घ्यायला दोन रात्री पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसावे लागले. नोंद झाली तर दुसऱ्याच दिवशी समोरच्यांकडून आमच्याच पोरांवर दरोड्याची उलटी फिर्याद! ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्याच्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचे. हे नियम आम्हाला तोंडपाठ आहेत. कारण प्रत्येक वेळी ते आम्हालाच साहेबांना वाचून दाखवावे लागतात. तारखा, साक्षीदारांची समजूत, फुटणारे पंच, रात्री-अपरात्री येणारे फोन यांत दीड वर्ष गेले. आमच्यातल्या एकाची झोप गेली. दुसरा घरात लहान मुलांवर ओरडायला लागला. तिसऱ्याला छातीत दुखते म्हणून दवाखान्यात नेले, तर डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे, मन ठीक नाही."

त्याच सुमारास एका हितचिंतकाने सुचवले की एक संस्था सामाजिक कार्यकर्त्यांसाठी गोव्यात शिबिर घेते आणि जागा मोफत आहेत. इतरांसाठी त्या पाच दिवसांचे शुल्क आमच्यातल्या एकाच्या तीन महिन्यांच्या मानधनाएवढे होते. फुकट मिळते आहे, समुद्र आहे आणि तिथे बुद्धाचे ध्यान शिकवतात असेही ऐकले होते. गेलो.

नारळीच्या बागेतला बुद्ध

पेडणे तालुक्यातला किनारा. नारळीच्या बागेत झावळ्यांच्या झोपड्या, मधोमध लाकडी फळ्यांचा मोठा मंडप, समोर थेट समुद्र. जागा सुंदर होती, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. जन्मात पहिल्यांदा आम्ही तिघे सकाळी सहा वाजता काहीही काम नसताना बसलो होतो.

मंडपात शिरताच मात्र पहिला धक्का बसला. दर्शनी चौथऱ्यावर बुद्धाचे नुसते मुंडके ठेवले होते. धड नाही, हात नाहीत, चीवर नाही. मानेपासून छाटलेले, डोळे मिटलेले, ओठांवर हसू असलेले दगडी मस्तक. त्याच्या एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला नटराज आणि समोर उदबत्ती. सूर्याच्या नावांचे मंत्र म्हणत सूर्यनमस्कार सुरू झाले. मग आचार्यांनी हसतमुखाने सांगितले की बुद्ध हा आपल्याच परंपरेतला महान योगी, विष्णूचा नववा अवतार.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच गोष्टीला नकार देते. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोडसाळ प्रचार आहे, असे त्या दिवशी लाखो माणसांनी एका आवाजात म्हटले. तेव्हा काही जणांना वाटले असेल की अवतार मानला काय आणि न मानला काय, एवढे कशाला ताणायचे? त्या मंडपात बसल्यावर आम्हाला समजले की बाबासाहेबांनी हे का ताणले. बुद्धाला अवतार केले की त्याचा यज्ञाला, चातुर्वर्ण्याला, वेदप्रामाण्याला असलेला विरोध आपोआप गळून पडतो. उरते ते फक्त हसरे मुंडके. ज्या बुद्धाचे पाय ४५ वर्षे गावोगाव चालले, त्याचे पायच कापून टाकायचे आणि शोभेला डोके ठेवायचे! हे नुसते सजावटीचे प्रकरण नाही मित्रांनो, ही प्रतिक्रांतीची जुनी रीत आहे. ज्याला हरवता येत नाही त्याला देव्हाऱ्यात बसवायचे.

समुद्र समोर, पण ताटात मासा नको

दुपारी जेवणाआधी सूचना झाली की इथे 'सात्त्विक' आहार मिळेल. कांदा नाही, लसूण नाही, अंडे-मासे अर्थातच नाहीत. बाहेरून आणून खाण्यासही मनाई. कारण काय, तर तामसी अन्नाने मन अशांत होते.

आम्ही पाच दिवस मासे न खाता जगू शकतो. प्रश्न तो नाही. त्याच वेळी मंडपापासून दोनशे पावलांवर रापणकार जाळे ओढत होते. बाया-माणसे वाळूत पाय रोवून दोर खेचत होती. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच समुद्रावर जगल्या. त्यांच्या ताटातले अन्न तामसी, म्हणजे त्यांचे मनही तामसी? मग आमच्या आज्या-पणज्यांनी जे मिळेल ते खाऊन आम्हाला जगवले, त्यांचे मन कुठल्या खान्यात टाकायचे?

सात्त्विक, राजस, तामस ही अन्नाची प्रतवारी गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. अन्नावरून माणसाची प्रत ठरवण्याचा हा खेळ किती खोलवर गेला, हे बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मांडले आहे. गोमांस खाण्याचा आणि अस्पृश्यतेचा संबंध त्यांनी तिथे उलगडून दाखवला. आता बुद्धाचे पाहा. देवदत्ताने मागणी केली होती की भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करा. बुद्धाने ती सक्ती नाकारली. ज्याला पाळायचे त्याने पाळावे, पण नियम म्हणून लादणार नाही, असा त्याचा निवाडा होता. म्हणजे या शिबिरात बुद्धाचे मुंडके चौथऱ्यावर होते आणि स्वयंपाकघरात राज्य देवदत्ताचे होते!

"राग तुमच्या आत आहे"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून मन मोकळे करायचे होते. कोणी घटस्फोटाबद्दल बोलले, कोणी नोकरी गेल्याबद्दल. आम्ही मनापासून ऐकले. दुःख कोणाचेही असो, ते दुःखच असते. मग आमच्यातला एक बोलला. स्मशानभूमीचा रस्ता, मारहाण, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या, खोटी फिर्याद. बोलताना त्याचा आवाज चढला, हात थरथरला.

मंडपात शांतता पसरली. आचार्य डोळे मिटून म्हणाले, "राग बाहेर नाही, तुमच्या आत आहे. ज्यांनी मारले ते निमित्त आहेत. हे पूर्वसंचित आहे, ते साक्षीभावाने पाहा आणि सोडून द्या. जात मनात असते. मनातून गेली की गेली."

आमचा सहकारी काहीच बोलला नाही. नंतर खोलीत येऊन तो म्हणाला, "ठाण्यातला हवालदार म्हणाला होता, जाऊ द्या ना, मिटवून टाका. हे पण तेच म्हणाले. फक्त हे हळू आवाजात म्हणाले."

मित्रांनो, या एका वाक्यात आमचा सगळा लेख आहे.

'पूर्वसंचित' हा शब्द ऐकायला मऊ असला तरी त्याचा अर्थ भयंकर आहे. मार खाणाऱ्याने मागच्या जन्मी काहीतरी केले असणार, असा तो अर्थ आहे. मग मारणारा गुन्हेगार उरत नाही, तो कर्माचा हिशेब चुकता करणारा कारकून होतो. समाजाची जबाबदारी संपली, शासनाची संपली, कायद्याचीही संपली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच विचारले आहे की आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाच्या नावावर कर्म आणि पुनर्जन्म हे सिद्धान्त कसे खपवले जातात. पुढे ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाची असूच शकत नाही, असे ठामपणे मांडले. माणसाला त्याच्या दैन्याबद्दल त्यालाच दोषी ठरवणारा विचार करुणेच्या शास्त्याचा कसा असेल?

आणि जात मनात असते? जात सातबाऱ्यावर असते. ती पाणवठ्यावर असते, भाड्याच्या घराच्या दारात असते, लग्नाच्या जाहिरातीत असते, गटार साफ करणाऱ्याच्या हातात असते. २० मार्च १९२७ रोजी याच कोकणपट्टीत, महाडला, बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. त्यांनी लोकांना डोळे मिटून 'पाणी माझ्या आत आहे' असे म्हणायला सांगितले नाही. त्यांनी ओंजळ भरून पाणी प्यायले. नंतर मार पडला, तो सोसला, न्यायालयात दावा लढवला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तो रागच होता. पण शिस्तीचा, विचाराचा, संघटित राग होता. रागाची अशी मशागत करणे आणि राग मारून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुद्धाने ध्यानाचे गुरू का सोडले?

ध्यान म्हणजेच बुद्धाचा धम्म, असे सांगणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. सिद्धार्थ गौतम आळार कालामाकडे ध्यान शिकला, उद्दक रामपुत्ताकडे शिकला. दोघांची विद्या त्याने पूर्ण हस्तगत केली. नुसती शांत समाधी हेच साध्य असते तर तो तिथेच थांबला असता. त्याने दोन्ही गुरूंना नमस्कार केला आणि पुढची वाट धरली. ध्यानात गेल्यावर दुःख दिसत नाही, पण ध्यानातून उठल्यावर ते जागच्या जागीच असते, हे त्याने ओळखले होते.

तो घरातून का निघाला हेही पाहा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र वैतागला ही कथा बाबासाहेबांनी तर्काच्या कसोटीवर नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? बाबासाहेबांनी पुढे आणले ते शाक्य आणि कोलीय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करला. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाचा प्रवास पाण्याच्या तंट्यातून सुरू होतो. आमचा तर तळ्यापासून स्मशानापर्यंत सगळा इतिहासच अशा तंट्यांचा आहे. हा बुद्ध आमचा आहे, तो समुद्रकाठच्या मंडपातला नाही.

ज्ञानप्राप्तीनंतर त्याने संघ उभा केला. त्यात उपाली न्हावी आला, सुनीत सफाई करणारा आला, सोपाक आला. शाक्य कुमारांच्या आधी उपालीला दीक्षा दिली, म्हणजे पुढे त्या राजकुमारांना न्हाव्याला वंदन करावे लागावे. हे समतेचे प्रात्यक्षिक होते. भिक्खू कशासाठी, हाही प्रश्न बाबासाहेबांनी त्याच प्रास्ताविकात विचारला. स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी, की लोकांचा सेवक आणि मार्गदर्शक घडवण्यासाठी? पहिला असेल तर तो स्वार्थीच ठरतो, धम्माचे भवितव्य दुसऱ्यावर आहे, हे त्यांचे उत्तर आजच्या प्रत्येक शिबिरार्थ्याने स्वतःला लावून पाहावे.

कोणी म्हणेल, भिक्खूसुद्धा एकांतात, डोंगरात राहत होते. जरूर राहत होते. आमच्याच किनारपट्टीवरची कान्हेरीची लेणी पाहा. पण ती कुठे आहेत? सोपारा, कल्याण या भरभराटीच्या बंदरांच्या टप्प्यात. तिथल्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची, कारागिरांची, सामान्य उपासक-उपासिकांची दाने कोरलेली आहेत. सोपाऱ्याला स्तूप होता, अशोकाचे शिलालेख होते. तो धम्म माणसांच्या वाहत्या रस्त्यावर उभा होता. पाणपोढी खोदत होता, निवारा देत होता. समुद्रकाठचा खरा बौद्ध वारसा हा आहे.

अठराव्या प्रतिज्ञेकडे लक्ष द्या

परंपरेत शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्रयी सांगितली जाते. बाबासाहेबांनी आम्हाला दिलेल्या अठराव्या प्रतिज्ञेत मात्र प्रज्ञा, शील आणि करुणा ही तीन तत्त्वे आहेत. ही चूक नाही की विसरही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक शब्द तोलून वापरला, त्याने दीक्षेच्या दिवशी करुणेला इथे मुद्दाम बसवले आहे.

याचा अर्थ बाबासाहेबांनी मनाची साधना फेकून दिली असा नाही. अकराव्या प्रतिज्ञेत अष्टांगिक मार्ग आहे आणि त्या मार्गात सम्यक स्मृती, सम्यक समाधी आहेतच. पण नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत त्यांनी फरक केला. नुसत्या समाधीत मन काही काळ थांबते, उठल्यावर पुन्हा जुनेच. सम्यक समाधी मनाला कायमची चांगल्या कर्माची सवय लावते. बसल्या जागी काय वाटले हा प्रश्न दुय्यम आहे. उठल्यावर काय केले, ही कसोटी आहे.

योगासनांबद्दलही आमचा वाद नाही. पाठ दुखते तर पाठ वाकवावी. श्रमणांनी, भिक्खूंनी, जैन मुनींनी शतकानुशतके घडवलेल्या साधना एका धर्माच्या मालकीच्या म्हणून मिरवण्याला मात्र आमचा विरोध आहे. पतंजलीचे पाच यम आणि बुद्धाचे पंचशील शेजारी ठेवून पाहा, अहिंसा, सत्य, अस्तेय ही नावे कशी जुळतात ते. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योग दिन ठरवला. तेव्हापासून दरवर्षी मैदाने भरतात, चटया अंथरल्या जातात, मंत्र्यांचे फोटो येतात. त्या मैदानाखालच्या गटारात उतरणाऱ्या माणसाच्या श्वासाबद्दल मात्र कोणी प्राणायाम शिकवत नाही.

आर्य मौन कोणासाठी?

आता चौथ्या दिवसाकडे येऊ.

शिबिरात सकाळी दहापर्यंत मौन होते. आमचे मौन ऐच्छिक होते. सफाई करणाऱ्या बायका मात्र आमच्यापुढे सदैवच मौनात होत्या. शिबिरार्थ्यांशी बोलायचे नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती. तिसऱ्या रात्री आम्ही भांडी ठेवायला मागच्या बाजूला गेलो. आमच्यातल्या एकाच्या मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो असतो. तो पाहून भांडी घासणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "जय भीम, दादा."

पोरगा बुलढाणा जिल्ह्यातला. बारावी झालेला, शेती नाही, हंगामाला गोव्यात येतो. सफाईच्या बायका उत्तर कर्नाटकातल्या. आम्ही भांड्यांच्या ढिगाशेजारी बसलो आणि खरे शिबिर तिथे सुरू झाले. सकाळी पाच ते रात्री अकरा काम, हंगामभर आठवड्याची सुट्टी नाही, पगार हंगाम संपल्यावर एकदम देणार. अर्ध्यात सोडून गेले तर पैसे बुडाले समजायचे. एका बाईचा अंगठा फिनेलने सोलवटला होता. रबरी हातमोजे मागितले तर उत्तर मिळाले, पुढच्या महिन्यात बघू.

चौथ्या दिवशी गोलात आम्ही हा विषय मांडला. आरडाओरडा केला नाही. आठवड्याला एक सुट्टी, महिन्याला पगार आणि हातमोजे, एवढेच म्हणालो. गोलातल्या दोन-तीन जणांनी माना डोलावल्या, हे नमूद करायला हवे. पण व्यवस्थापनाकडून आम्हाला बाजूला घेऊन सांगण्यात आले की अशा विषयांनी शिबिराची ऊर्जा बिघडते. आम्ही विचारले, "सोललेल्या अंगठ्याने बिघडत नाही का?" उत्तर आले नाही. हातमोजे मात्र संध्याकाळी आले.

त्या दिवशी आम्ही दोघे निघालो. निघण्याआधी त्या पोराला हजेरी रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवायला, कामाच्या जागेचे आणि पगाराबद्दलच्या निरोपांचे फोटो जपून ठेवायला आणि पगार अडला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार कशी करायची ते सांगितले. पेडणे स्थानकावर गाडीची वाट पाहताना आम्हाला जाणवले की कित्येक महिन्यांनी डोके हलके झाले आहे. ते कशाने झाले, ध्यानाने की त्या वहीने, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमचा तिसरा साथी मात्र थांबला. तोच, ज्याला 'सोडून द्या' असे सांगितले गेले होते. तो म्हणाला, "त्यांचे बोलणे मला पटत नाही. पण मला तीन रात्री झोप लागली आहे. अजून एक रात्र हवी." आम्हाला राग आला नाही. उलट आम्ही खाली मान घातली. दीड वर्ष हा माणूस झोपला नव्हता आणि आम्ही, त्याचे साथी, त्याला फक्त पुढची तारीख सांगत होतो.

आपल्याच माणसांचे आक्षेप

आता काही बांधव म्हणतील, "विपश्यनेने आमच्या भावाची दारू सुटली, तुम्ही ध्यानाची टवाळी करता?" मुळीच नाही. विपश्यनेचा हा बाजारी शिबिरांपेक्षा वेगळा विषय आहे, हे आम्ही मान्य करतो. गोएंका गुरुजींच्या परंपरेत शिबिराचे शुल्क घेत नाहीत, पंचशील पाळायला लावतात, मंत्र-मूर्ती ठेवत नाहीत. १९९४ साली तिहार तुरुंगात सुमारे हजार कैद्यांचे शिबिर झाले. गोराईच्या खाडीकाठी उभ्या राहिलेल्या पॅगोड्याच्या घुमटाखाली सुमारे ८००० माणसे एकत्र बसू शकतात. आमचे हजारो बांधव इगतपुरीला जाऊन आले आहेत आणि अनेकांची व्यसने सुटली आहेत. हे चांगलेच झाले.

पण तिथेही प्रश्न विचारायचे सोडू नका. धम्माचा बौद्ध धर्माशी संबंध नाही, तो संप्रदायातीत आहे, असे तिथे शिकवले जाते. मग बाबासाहेबांनी केलेले धर्मांतर कशासाठी होते? जुने संस्कार अनेक जन्मांचे आहेत असे सांगितले जाते. मग आमच्या अंगावरच्या वळांचा हिशेब कुठल्या जन्मात धरायचा? प्रश्न विचारणे म्हणजे अनादर नव्हे. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. "खरा कार्यकर्ता थकत नाही. मन वगैरे हे पोटभरलेल्यांचे चोचले." हाही विचार तितकाच घातक आहे. थकलेल्या कार्यकर्त्याला आपण हिणवले की तो दोनच ठिकाणी जातो, गुत्त्यावर किंवा अशा मंडपात. मग दोष फक्त मंडपवाल्यांचा कसा? आपल्या विहाराचे दार बंद होते म्हणून तो तिथे गेला ना?

मग करायचे काय?

टीका करून थांबणे आम्हाला मंजूर नाही. परत आल्यावर आम्ही आमच्या वस्तीत जे सुरू केले ते सांगतो. यात काही थोर नाही, कोणालाही जमेल.

एक, दर रविवारी सकाळी विहार उघडायचे. आधी वीस मिनिटे आनापान, म्हणजे नुसते श्वासावर लक्ष. त्यासाठी गुरू नको, फी नको, समुद्र नको. लगेच नंतर अर्धा तास 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन आणि चर्चा. त्यानंतर टेबल मांडून कामे. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचे जातवैधता प्रमाणपत्र, कोणाची तारीख. श्वास, वाचन आणि काम या तीन गोष्टी एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर. यातली एक सुटली की बाकीच्या दोन लंगड्या होतात.

दोन, कोणतेही प्रकरण एका माणसाच्या खांद्यावर ठेवायचे नाही. तिघांची तुकडी, आळीपाळीने तारखा. महिन्यातून दोन दिवस त्या माणसाला कोणीही प्रकरणाचा फोन करायचा नाही. विश्रांती ही दया नाही, तो कार्यकर्त्याचा हक्क आहे.

तीन, झोप जाणे, सारखे मरणाचे विचार येणे, हात-पाय गळून जाणे हे आजार आहेत, कमजोरी नाही. त्यावर डॉक्टर आहेत, औषधे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आम्ही विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तुम्हीही लिहा. ध्यानाला औषधाची जागा देऊ नका.

चार, विहाराची झाडलोट सगळ्यांनी आळीपाळीने करायची. पदाधिकाऱ्यांनी आधी. ज्या ध्यानमंडपाचे संडास दुसरा कोणीतरी मुक्याने साफ करतो, तिथे मैत्रीभावना कितीही केली तरी ती छतापर्यंतच जाते.

मित्रांनो, शांती आम्हालाही हवी आहे. आमच्याइतकी ती कोणाला हवी असेल? पण सोसणाऱ्याला गप्प करून मिळणारी शांती वेगळी आणि अन्याय संपल्यावर येणारी शांती वेगळी. जुने धर्म जगाची उत्पत्ती सांगत बसले, धम्माचे काम मात्र जगाची पुनर्रचना करण्याचे आहे, ही बाबासाहेबांची शिकवण विसरू नका. पुनर्रचना करायला शांत डोके लागते आणि मोकळे हातही लागतात. म्हणून श्वास जरूर पाहा. आणि डोळे उघडल्यावर समोर जात दिसली तर तीही नीट पाहा, नजर चुकवू नका.

परवा बुलढाण्याच्या त्या पोराचा फोन आला होता. हंगाम संपला, पगार पूर्ण मिळाला. एका बाईचे आठ दिवस कापले होते, वही दाखवल्यावर तेही दिले. तो म्हणाला, "दादा, वही कामी आली." आमचा तिसरा साथी शेजारीच बसला होता. त्याने दुसऱ्या दिवशीच्या तारखेची फाइल बांधली आणि रात्री दहाला घरी जाऊन झोपला.

जय भीम! नमो बुद्धाय!